अंगावरचा पैरा

माझ्या भावजयीच्या, तानीच्या, पोटातली पिशवी काढायची ठरली आणि कृष्णातानं एसटीडीवरनं फोन केला, "आक्का, ये बाई. घर तुझ्या ताब्यात घे." मी हातकणंगल्याकडनं बोचकं बांधून कोडोलीला आले.

घर बघितलं आणि माझं टाळकंच फिरलं. डॉक्टरीण म्हणालीय, ऑपरेशननंतर तीन महिने वाकायचं न्हाय, जड उचलायचं न्हाय. आणि हितं चूल भुईवर, घागर भुईवर, निजणंबी भुईवरच. कृष्णात माझा धाकटा भाऊ. मनानं सोन्यासारखा, पण सांगितल्याबिगर कप हलायचा न्हाय त्याच्याच्यानं. म्हटलं, "बायकोच्या पोटाला सुरी लागणार हाय आणि तू तंबाखू मळत बसलायस व्हय? ऊठ." त्याच्याकडनं विटा रचून ओटा करून घेतला, चूल वर आणली. शेजारच्या गणपतरावांच्या घरची लोखंडी खाट मागून आणली. क्रांती, म्हंजे तानीची पोरगी, नववीला होती. तिला म्हशीची धार काढायला बसवली. पयल्याच दिवशी लाथ खाल्ली पोरीनं आणि दूध सगळं सांडलं. दळणं केली, चटणी कुटली, जळणाच्या शेणी आत रचल्या. माझं अंग मोडून गेलं, पण बूड टेकवत न्हवतं. एक झालं की दुसरं आठवायचं.

आणि जिच्यासाठी हे सगळं, ती कुठं? रानात. ते बी स्वतःच्या न्हवं, दुसऱ्याच्या. सकाळी भाकरी बांधून खुरपं घेऊन जायची ती दिवस बुडताना परत यायची. पैऱ्याला.

आमच्याकडं लहान शेतकऱ्याची भांगलण, म्हंजे पिकातलं तण काढणं, अशीच निघती. आज मी तुझ्या रानात राबायचं, उद्या तू माझ्या रानात. पैशाचं नाव न्हाय. कुणाचा पैरा कुणाच्या अंगावर हाय, ते बायकांच्या डोस्क्यात पक्कं असतंय.

मी म्हटलं, "ऑपरेशनला चाललीयस का माहेरच्या जत्रंला?"

"आक्का, मागनं मला खुरपं धरता यायचं न्हाय. आपला भुईमूग कोण भांगलणार? आत्ता पैरा करून ठेवते. मी खाटेवर पडले की बायका येतील फेडायला."

ऐकायला झ्याक वाटायचं. पण तिच्या तोंडाकडं बघवायचं न्हाय. ओठ पांढरेफटक. जिना चढून आल्यासारखी धापायची. अंगावरनं जायचं तिला लई, आणि आपली लुगडी आपणच धुवायची, मला हात लावू द्यायची न्हाय. मी ओरडायची, ती हसायची, आणि सकाळी परत दारात चपला नसायच्या.

ठरल्या दिवशी तिला कोल्हापूरला नेलं. डॉक्टरणीनं रक्त तपासलं आणि कपाळाला हात लावला. "विश्रांती घ्या म्हटलं होतं ना? काय करत होता?"

"भांगलत होते," तानी म्हणाली. जसं काय दुसरं काय करायचं असतंय.

"एवढ्या कमी रक्तावर टेबलावर घेतलं तर उठणार नाही ही," डॉक्टरीण मला म्हणाली. "आता इंजेक्शनं, गोळ्या, आणि खाटेवरनं उतरायचं नाही. गौरी-गणपती झाले की या. तेवढ्यात रक्त जास्त गेलं तर घाईनं करावं लागेल, आणि तेव्हा मी कसलाच शब्द देणार नाही."

एसटीत मी तिच्याशी बोलले न्हाय. बोलले असते तर सगळ्या गाडीनं ऐकलं असतं.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर बाई पदर खोचून उभी. धोंडुबाईच्या रानात चाललीती. मी खुरपं हिसकून घेतलं. दंडाला धरून खाटेवर बसवलं. म्हटलं, "मरायचंय का तुला? त्या भुईमुगासाठी? आग लागो त्या भुईमुगाला."

ती खाली बघत म्हणाली, "भुईमुगाचं न्हाय ओ आक्का. ह्यांनी दोन बायका मजुरीनं लावल्या असत्या. पण मी टेबलावरनं उठले न्हाय तर?"

मी खाटेच्या कडेला टेकले.

"माझा पैरा धोंडुबाईच्या अंगावर ऱ्हायला तर ती माझ्या माघारी येईल की. कुणाचं ठेवून घेणारी न्हवं ती. बाकीच्या बी येतील. आल्या की माझ्या पोरीकडं बघतील, जेवलीस का गं म्हणतील, डोस्कं विंचरतील. बाईबिगरच्या घराकडं कुठली बाई फिरकती? तुमास्नी तुमचा संसार हाय. तुम्ही किती दिस ऱ्हाशीला?"

मला रडू आलं, आणि रडण्यापरीस राग जास्त आला. मरणाची तयारी करून बसलीती ही, आणि मी मूर्खासारखी चटण्या कुटत होते.

क्रांतीला तिच्यापाशी बसवलं आणि तशीच धोंडुबाईच्या रानात गेले. बायका ओळीनं भांगलत होत्या. बांधावर उभी राहून सगळं सांगितलं, काही झाकून ठेवलं न्हाय. धोंडुबाई त्यांच्यातली थोरली. खुरपं खाली ठेवून ती माझ्याकडं बघत ऱ्हायली. "मग काय करूया म्हणतीस?"

"तिचा पैरा आजपासनंच फेडायला लागा. आणि फिटला म्हणून थांबू नका. तिच्या अंगावर चढवा. चांगलं वझं होईल एवढा चढवा."

धोंडुबाईला दुसऱ्यांदा सांगावं लागलं न्हाय. कंबरेला हात लावून उठली. "चला गं," म्हणाली.

भुईमूग भांगलून झाला. मग भाताचं रान घेतलं. मग म्हशीला वैरण काढली, गौरीसाठी घर सारवलं, भांडी घासून लख्ख केली. तानी खाटेवरनं बघायची आणि तळमळायची. ह्या कुशीवरनं त्या कुशीवर.

"आक्का, धोंडुबाईचा फिटला की कवाच. आता तिला नको म्हणा."

"म्हणणार न्हाय."

"माझ्या अंगावर यायलाय ओ."

"येऊ दे."

"मला खाल्लेलं पचंना," म्हणायची. पण खायची. गोळ्या मागून घ्यायची. गौरी आल्या, गेल्या, आणि खाटेवरनं ती एकदाबी उतरून रानाकडं गेली न्हाय. ओठांवर जरा रंग चढला.

डॉक्टरणीनं ह्या टायमाला रक्त बघून मान हलवली. ऑपरेशनचा हिरवा झगा घालून तानी चाकाच्या गाडीवर पडली. कृष्णात भिंतीकडं तोंड करून उभा होता. तिनं माझा हात धरला. हात गार पडलाता.

"आक्का, लई झालंय ओ त्या बायकांचं."

"व्हय, झालंय."

"माझ्या पोरीला फेडाय लावू नका. तिची शाळा हाय."

"तिला कशाला लावू? तिनं कुठं खाल्लंय? तू खाल्लंयस, तू फेड."

ती माझ्याकडं बघत ऱ्हायली. रागानं बघत होती, आणि मला बरं वाटलं. मग हात सोडून तिनं मान वळवली आणि डॉक्टरणीला म्हणाली, "बाई, शाळू काढायच्या टायमाला मला वाकता येईल न्हवं?"

"येईल," डॉक्टरीण म्हणाली, आणि तिला आत नेलं.

थंडी सरत आली, शाळू ज्वारी काढायला लागले तवा मी मुद्दाम कोडोलीला गेले. माझं तिथं काय काम न्हवतं. तानी धोंडुबाईच्या रानात वाकलीती, मागं वळून बघायला बी फुरसत न्हवती तिला. मी बांधावर बसले आणि पोटभर रडून घेतलं.