काचेच्या काठावरची उन्हाची रेघ

मित्रांनो, जरा कान इकडे करा. माझा आवाज बारीक आहे आणि सांगायला वेळही फार उरलेला नाही. मी एका जुन्या मोटारीच्या मागल्या दाराची रबरपट्टी आहे. काच जिथे दाराच्या पोटात उतरते, तिथे आतल्या बाजूने तिला बिलगून मी आडवी बसलेली असते. मोटारीकडे बघणाऱ्याला रंग दिसतो, चाके दिसतात, मी कुणाला दिसत नाही. काचेला धरून राहायचे, एवढेच देवाने माझ्या वाट्याला घातले, आणि मला ते पुरेसे होते.

काजळीने काळाभोर केलेला रबराचा गोळा कढत साच्यातून पिळून निघाला, तो माझा जन्म. नवी होते तेव्हा माझी ऐट काय वर्णावी! ज्या कारागिराने मला दारात बसवले, त्याने काच दोनदा वर-खाली केली आणि म्हणाला, तेल पाजल्यासारखी सरकते की. ते कौतुक मी अजून जपून ठेवले आहे, कारण त्यानंतर दुसरे मिळाले नाही.

पहिले मालक गाडी आरशासारखी ठेवत, पण मला कधी ओल्या फडक्याचा हात लागला नाही. गाडी वर्षानुवर्षे उन्हात उभी. मऊपणा गेला, अंगावर पांढुरकी राख चढली, भेगा पडल्या. बाकीच्या दारांतल्या माझ्या बहिणी तुटल्या, त्यांच्या जागी नव्या आल्या. मी तेवढी तग धरून राहिले. पुढे आमच्या जातीच्या पट्ट्या घडवणारा कारखानाच बंद पडला. म्हणजे मी तुटले की माझ्या जागी कोणी नाही.

मग गाडी विकली गेली आणि नव्या मालकांची लेक भिंगरी माझ्या दाराशी येऊन बसली. पलीकडे तिच्या तान्ह्या भावाची खुर्ची बांधलेली, म्हणून ही कायम माझ्याकडे. घरात तिला सगळे भिंगरीच म्हणत, कारण पोर एका जागी ठरत नसे. पण मित्रांनो, तिच्या कातडीला ऊन सोसत नाही. थोडे लागले तरी निखारा ठेवावा तसे फोड येतात. घरात दिवसभर जाड पडदे. बाहेर पडायचे ते दवाखान्यात जायला, आणि तेही टोपी, हातमोजे, तोंडावर फडके अशा थाटात. दिवस कसा असतो, हे त्या लेकराने कधी धड पाहिलेच नव्हते.

तिच्या आईला कळले की काचेला आतून एक फिल्म लावता येते. काळी नव्हे, आरपार दिसणारी, पण उन्हातला जाळ अडवणारी. गाडी फिल्मवाल्या काकांकडे आली. काका मायाळू माणूस. बाकीच्या दारांची रबरे त्यांनी अलगद मागे सारली आणि फिल्मचा काठ त्यांच्या आत खोचला. माझ्यापाशी आले, बोटाने चाचपले आणि थांबले.

“वहिनी, या म्हातारीला ओढायला नको. तुटली तर बदली मिळायची नाही.”

भिंगरीने टोपीखालून विचारले, “चावते का हो ती?”

“दात पडलेत तिचे,” काका म्हणाले.

सगळे हसले. काकांनी फिल्म माझ्या काठाशीच कापली. माझ्यावर दया केली त्यांनी. पण दया कुठे करावी, हेही कळावे लागते. फिल्म आणि मी यांच्यामध्ये केसाएवढी जागा उघडी राहिली.

त्यानंतर गाडीत बसले की भिंगरीचे हातमोजे निघू लागले. ती काचेशी नाक लावून बघत बसायची: वाळत घातलेले कपडे, रस्ता ओलांडणारे कुत्रे, स्वतःची सावली घेऊन चालणारी माणसे. सावली पायाला चिकटलेली असते का, असे तिने एकदा बाबांना विचारले, तर बाबांनी गाडी हळू केली. आणि बघताना तिची बोटे कुठे असायची? माझ्यावर. एवढे हलके ओझे मी जन्मात वाहिले नव्हते.

त्याच बोटांवर एके दिवशी लाल रेघ उमटली. पट्टीने आखावी तशी, चारही बोटांवरून आडवी. दुसऱ्या दिवशी ती फोडांनी भरली. आईला वाटले, कुठे दार लागले असेल. पुढच्या खेपेला तिने त्या बोटांवरचा उजेडाचा दोरा पाहिला आणि आपला तळहात त्यावर झाकला. घरी पोहोचेपर्यंत तो उचलला नाही.

देवा, मी खाली बसून सगळे पाहत होते. ती रेघ माझ्या काठावरूनच आत येत होती. मी जरा उंच असते तर! मला ना सरकता येत होते, ना ओरडता.

बाबांनी माझ्या काचेवर पुठ्ठा लावला. भिंगरी पुठ्ठ्याकडे तोंड करून बसून राहिली. मी विनवत होते, देवा, कुणीतरी मला ओढा. तुटले तर तुटले.

आई पुन्हा काकांकडे गेली. काकांनी ती बोटे पाहिली आणि मान खाली घातली. तरी म्हणाले, “फट फार बारीक होती, वहिनी.”

“दादा,” आई म्हणाली, “आत यायला उन्हाला दरवाजा लागत नाही हो.”

काकांनी जुनी फिल्म सोलून काढली. मग कोमट पाण्यात भिजवलेले फडके माझ्यावर अंथरले आणि ते गार झाले की पुन्हा पुन्हा बदलले. कोरडे रबर ओढले की तुटते, भिजवले की थोडे ऐकते. त्यांनी माझ्या ओठाखाली सुती दोर हळूहळू सरकवला, मला उघडे धरले आणि नव्या फिल्मचा काठ बोटभर आत उतरवला. शेवटच्या कोपऱ्यात दोर ओढून काढताना मला आवाज आला. चर्र. काकांनाही आला. त्यांनी त्या चिरेत चिकटद्रव्य भरले आणि बाबांना सांगितले की आता ही काच खाली घेऊ नका. काच सरकली की पट्टी निघेल आणि फिल्मचा काठ उचलेल. बाबांनी काच वर-खाली करायचा दांडाच काढून टाकला.

पुठ्ठा निघाला. भिंगरीच्या बोटांवर पांढरा वण आहे, पण बोटे पुन्हा माझ्यावर आली आहेत.

आता ऐका, मित्रांनो. मला आठवड्यातून एकदा ओले फडके लागले असते, तर ही वेळ आली नसती. तुमच्या घरात, तुमच्या गाडीत जे कोणी मुकाट्याने काही धरून बसले असेल, त्याला सुकू देऊ नका. काम करायचेच असेल तर आधी भिजवा, मग ओढा. आणि आम्हाला वाचवायला म्हणून काचेचा काठ उघडा टाकू नका. आम्ही त्यासाठीच आहोत.

माझी चीर वाढते आहे. खड्डा आला की मला कळते. ती किती पुढे गेली हे आई रोज निघताना वाकून बघते, आणि मीही रोज तेच मागते: देवा, आजचा दिवस. बाबांनी गाडी सुरू केली आहे. बाहेर लख्ख ऊन आहे, आणि तिने हातमोजे काढले आहेत.