बसमधून दिसणारी पाटी

रूपालीने नोकरी करायची की सोडायची, हे शेवटी एका लोखंडी पाटीवर येऊन ठेपलं.

ती हिंगणघाटला चष्म्याच्या दुकानात कामाला होती. परतीला साडेसहाची वडनेर गाडी. रस्ता चौपदरी झाला तेव्हा तिच्या गावच्या, धामणखेडच्या फाट्यावरचे खुणेचे कडुलिंब गेले. हिवाळ्यात सातलाच अंधार, दोन्हीकडे नुसती तूर. गावाची पाटी होती, पण फाट्यावर वीज नव्हती. ड्रायव्हरला फाटा ओळखू येईपर्यंत तो मागे पडलेला असे आणि गाडी थांबे ती थेट नाल्याच्या पुलावर. तिथून किलोमीटरभर रूपाली एकटी मागे चालत येई. नेमक्या त्याच वेळी तिचे वडील रूपराव संकलन केंद्रावर दुधाच्या रांगेत असत.

"पुलावर बाटल्या घेऊन बसतात ते," आई देवकाबाई म्हणाल्या. "आठ दिवस पाहीन. नाई जमलं तर नोकरी सोड, रूपे."

एरवी जेवताना रूपाली भिंगाच्या नंबराचं, कोणाला कसं लख्ख दिसू लागलं त्याचं सांगत असे. त्या रात्री तिने नुसतीच भाकरी खाल्ली.

रूपरावांनी दुसऱ्याच दिवशी शेतातला सोलरचा दिवा काढून पाटीवर बांधला. गाडी पुलावरच थांबली. मग त्यांनी वडनेरहून ट्रॉलीला लावतात ते रेडियम आणलं आणि ब्लेडने एकेक अक्षर कापून पाटीवर चिकटवलं. संध्याकाळी समोर उभं राहून बॅटरी मारली, तर 'धामणखेड' नुसतं पेटल्यासारखं चमकलं.

"आता आंधळ्यालेही दिसन," ते घरी येऊन म्हणाले.

रूपाली त्या दिवशीही पुलावरूनच आली. चप्पल काढता काढता म्हणाली, "अक्षरं चांगली असतीन, बाबा. मले दिसली नाई."

पाचव्या दिवशी रूपरावांनी दुधाचा डबा शेजारच्या अंकुशकडे दिला आणि हिंगणघाट गाठलं. दुकानाच्या काचेतून त्यांना पाहून रूपाली धावत बाहेर आली.

"काऊन आले बाबा? घरी बरं हाय न?"

"हाव, बरं हाय. गाडीतून कसं दिसते ते पाहाले आलो."

ते ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसले आणि सगळा रस्ता मान पुढे काढून राहिले. "काका, तुमीच घेता का स्टेअरिंग?" ड्रायव्हर भूपेंद्र हसून म्हणाला. पुढे तुरीच्या शेतांमधून रानडुकरं पळवायला लावलेले दिवे लुकलुकू लागले, तेव्हा त्याने हात केला. "हे पाहा. एवढ्यात तुमचा कोणता, सांगा मले."

रूपराव एकेक दिवा निरखू लागले. तेवढ्यात गाडीच्या उजेडात एक काळी उभी रेघ आली आणि गेली.

"अरे, तेच! थांबव!"

गाडी पुलावर थांबली.

बापलेक मागे चालू लागले. पुलावरची माणसं त्यांना पाहून गप्प झाली. थोडं पुढे आल्यावर रूपरावांनी विचारलं, "रोज कशी येतं वं तू?"

"फोन कानाले लावते. कोणाशी बोलून राह्यली असं दाखवते."

"कोणाशी?"

"तुमच्याशीच. फोन लागला नसते, तरी म्हणते, बाबा, आलीच मी, तुमी तिथंच थांबा."

फाट्यावर आल्यावर रूपराव पाटीभोवती फिरून पाहू लागले. पाटी रोवली तेव्हा ते स्वतः हजर होते. गावाचं नाव देवासमोर असावं, म्हणून तिचं तोंड रस्त्यापलीकडच्या मारोतीकडे करा, असं त्यांनीच सांगितलं होतं. येणाऱ्या गाडीला दिसत होती ती फक्त तिची कड.

सकाळी ते खणायची सब्बल घेऊन निघाले, तर देवकाबाई गुडघे दुखत असतानाही मागोमाग आल्या. रूपरावांनी पाटीच्या खांबाचं बुड मोकळं केलं, देवकाबाईंनी खांब धरला.

"मारोतीकडून तोंड फिरवता?"

"मारोतीले गाव माहीत हाय, देवका. ड्रायव्हरले नाई. फिरव हिंगणघाटाकडं."

दोघांनी दगड ठोकून माती दाबली. संध्याकाळी दूध पुन्हा अंकुशकडे गेलं आणि दोघंही फाट्यावर येऊन बसले. सातच्या सुमारास लांबून दोन दिवे दिसले. गाडी अजून बरीच दूर होती, तोच पाटीवरची अक्षरं एकदम पांढरी झाली. ब्रेक लागले. गाडी पाटीपासून दहा पावलांवर थांबली.

"काका, लयच लांबून दिसली!" भूपेंद्र खिडकीतून ओरडला.

रूपाली उतरली. आईला पाहून जागच्या जागी थबकली. गाडी निघून गेली, पाटी पुन्हा अंधारात गेली.

देवकाबाईंनी तिच्या खांद्यावरची पिशवी आपल्याकडे घेतली. "चाल. उद्या डब्यात काय देऊ, ते सांग मले."