लॉनचा गोग्रास

उदगीर आज जिल्हा होईल, उद्या होईल, या आशेवर बसलिंगप्पांनी बिदर रोडला लग्नाचं लॉन्स बांधलं, आणि त्याच साली बोअर आटले. टँकरवर एवढं गवत जगवणं परवडेना. मग पुण्याहून माणसं आली. खऱ्या गवतात प्लॅस्टिकच्या हिरव्या काड्या दाट टोचून गेली. पाणी निम्मंच लागू लागलं. अख्ख्या गावात हिरवं म्हणून तेवढंच उरलं.

दर सोमवारी तिथं शिवकीर्तन व्हायचं. एकदा महाराजांनी नंदीचं आख्यान लावलं. "दारच्या मुक्या जीवाला घास नाही, तिथं महादेव ताटावर बसत नाही," असं त्यांनी आळवून म्हटलं, अन् बायाबापड्यांचे डोळे भरून आले. बसलिंगप्पा भर मांडवात उठले.

"आजपासून लॉनचं कापलेलं गवत गोरगरिबांच्या जनावरांना!"

महाराजांनी स्वतःच्या गळ्यातला हार त्यांना घातला. त्या घडीला बसलिंगप्पांचं मन खरंच लोण्यासारखं झालं होतं.

मांडव उठल्यावर माळी व्यंकटी जवळ आला. "आप्पा, मशीन खाली लावली की प्लॅस्टिकबी कापून येतंय. जनावराच्या पोटात जाईल."

"मग वर लाव."

"वर लावली तर मूठभर निघत न्हाई. गवत हायच किती?"

बसलिंगप्पांनी हार चाचपला. "देवाम्होरं बोललोय मी. खालीच लाव. गाय निवडून खाती. तुझ्यावानी हावरी नसती."

चांगुणा रोज पोतं भरून न्यायची. नवरा गेल्यापासून घरात तिला एक गायच होती, तीही गाभण. गाय व्याली असती तर चूल पेटत राहिली असती. चांगुणा बसलिंगप्पांच्या पायावर डोकं ठेवायची, "आप्पा, माझा महादेव तुमीच."

पुढं गायीनं रवंथ करणं सोडलं. पोट नगाऱ्यासारखं फुगलं. चांगुणा शेपटीपाशी बसून कुरवाळत राहिली, अन् गाय तशीच गेली. डॉक्टरांनी पोट फाडलं तेव्हा नारळाएवढा हिरवा गोळा निघाला. गर्भाच्या पिशवीत वासरू होतं, पुरतं भरलेलं, कपाळावर चांद असलेलं.

सोमवारी गोळा पदरात घेऊन ती लॉन्सवर आली. आत टाळ सुरू होते. बसलिंगप्पा फाटकातच भेटले. त्यांनी गोळा पाहिला, मग मांडवाकडं पाहिलं.

"झाकून घे ते. कीर्तन चालू हाय."

"आप्पा, माझी गाय..."

"धर्माचं दिलं तर निवडून घालायचं तुला कळंना? आता माझ्या पुण्याला बट्टा लावाया आलीस?"

ते आत गेले. फाटकाच्या कडेला शेजारची महादेवी पोतं भरत होती. चांगुणानं तिच्यापुढं गोळा धरला. "नगं नेऊ, बाई. हे बघ. ह्यानंच गेली."

महादेवीनं गोळा निरखून पाहिला. पोतं मात्र सोडलं नाही.

"दिसतंय मला. पर कायबी न्हाई घातलं तर माझी आजच मरंल. ह्याच्यावर मिरगापर्यंत तरी उभी राहील."

"अन् मिरगानंतर?"

"तुझ्याकडं दुसरं काय हाय तिला घालाया?"

चांगुणाकडं काहीच नव्हतं. आत महाराज नंदीच्या घासावर आले होते अन् मांडव डोलत होता. महादेवीनं डोईवर चुंबळ ठेवली, पोत्याला हात घातला, पण एकटीला ते उचलेना.

"बघतीस काय? हात लाव की."

चांगुणानं गोळा पदराला बांधला आणि हात लावला.