तोलोगोनोवसाठी दुआ

मामंजींनी सरळ नाही म्हटलं असतं तर मी भांडले तरी असते. पण ते नाही म्हणालेच नाहीत. चहाची वाटी खाली ठेवली आणि म्हणाले, "देतो की दुआ. फक्त त्याचं एक चांगलं काम सांग मला, बुरुल."

मी नुसती त्यांची वाटी पुन्हा भरली. वर्गात चाळीस पोरांना गप्प करणारी मी, गणिताची मास्तरीण!

मामंजींची दुआ द्यायची रीत साऱ्या खोऱ्याला ठाऊक आहे. बाकीचे म्हातारे 'सुखी राहा, खूप जगा' म्हणून मोकळे होतात. आमचे मामंजी, दोओलोत अक्सकाल, गावचे वडीलधारे, तसले नाहीत. तळहात वर उघडायचे, समोरच्याची एक खरी चांगली गोष्ट बोलायची आणि देवाला सांगायचं, बाबा रे, एवढी वाढव. बेवड्या सापारला मुलगा झाला तेव्हा म्हणाले होते, "देवा, यानं घोड्याला कधी चाबूक लावला नाही. हाच हात पोराच्या डोक्यावर राहू दे." सापार भर पंगतीत ढसाढसा रडला. अशा माणसानं कुणाला दुआ दिली की सगळं खोरं त्याच्या मागे उभं राहतं. आणि परवा राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार तोलोगोनोव आमच्याकडे जेवायला येणार होता. मीच खटपट करून बोलावला होता.

"अहो, तो शेरिपोवच्या विरोधात उभा आहे!" मी म्हटलं. "हे काय थोडं झालं?"

"हे शेरिपोवचं झालं," मामंजी म्हणाले. "मी याचं विचारतोय."

शेरिपोवचं नाव निघालं की माझ्या अंगाची लाही लाही होते. आज तो देश चालवायला निघालाय. आमच्या प्रांताचा गव्हर्नर होता तेव्हा त्यानं तालुक्याच्या दवाखान्यातला बाळंतपणाचा वॉर्ड बंद केला. खर्च परवडत नाही म्हणे! त्याच हिवाळ्यात माझी आयझिरेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. कळा सुरू झाल्या तशी गाडी काढली, खिंडीतून शहराकडे निघालो. खिंडीत बर्फ. पुढे जाता येईना, मागे येता येईना. तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं. 'आई, अजून किती लांब?' एवढंच विचारत होती. मी तिला आणि तिच्या बाळाला एकाच चादरीत घरी आणलं.

तेव्हापासून मला एकच कळतं. तो मेला त्या खुर्चीत बसता कामा नये. नवरा मेंढरं घेऊन डोंगरात, मुलगा मॉस्कोत मजुरीला, मला अडवणारं होतं कोण? सगळा उन्हाळा पायाला भिंगरी लावून घरोघर फिरले. तोलोगोनोवची पत्रकं वाटली, भांडले, हातापाया पडले. आणि आता हा म्हातारा मला परीक्षेला बसवतो!

मी अंगणात जाऊन एर्मेकला फोन लावला. एर्मेक तोलोगोनोवच्या कचेरीत काम करतो. माझाच विद्यार्थी, गणितात कच्चा.

"एर्मेक, तुमच्या साहेबांनी आजवर चांगलं असं काय केलंय?"

"बाई, शेरिपोवनं जमिनी खाल्ल्या, पुलाचे पैसे खाल्ले..."

"ते मला तोंडपाठ आहे रे. आपल्या माणसाचं सांग."

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. मग म्हणाला, "प्रामाणिक आहेत."

"कशावरून?"

"त्यांच्यावर एकही खटला नाही, बाई."

"खटला तर माझ्या गाईवरही नाही!" म्हणत मी फोन आपटला.

कोनाड्यातलं पत्रक काढलं. पुढच्या बाजूला तोलोगोनोव पांढरी कलपाक टोपी घालून हसतोय. मागच्या बाजूला शेरिपोवचा बंगला, शेरिपोवच्या गाड्या, शेरिपोवचा मेव्हणा. गावभर हे वाटलं मी. उलटसुलट करून पाहिलं, याच्याबद्दल एक ओळ सापडेना. अंगण झाडलं, झाडलेलंच पुन्हा झाडलं.

दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघरात सूनबाई, नुरिझा, तळायच्या बोरसोकचं पीठ मळत बसली होती. पोट एवढं पुढे आलेलं की परात मांडीवर मावत नव्हती. तिचे दिवस डिसेंबरात भरत होते.

"आई," ती सहज म्हणाली, "हे निवडून आले की वॉर्ड उघडतील ना हो?"

"उघडतील म्हणजे? उघडणारच!"

"तसं म्हणालेत का ते?"

म्हणाले नव्हते. का म्हणतील? मी विचारलंच नव्हतं! सबंध उन्हाळा ज्याच्यासाठी घसा फोडला, त्याला मी एकदाही विचारलं नव्हतं की बाबा, तू तो वॉर्ड उघडशील का? शेरिपोव पडला की वॉर्डाचं कुलूप आपोआप निघेल, असं मी कधी धरून चालले कुणास ठाऊक.

"उद्या तोंडावर विचारते," मी म्हटलं. "पीठ सैल झालंय, नीट मळ."

पीठ अगदी बरोबर होतं.

तोलोगोनोव आला, तीन गाड्या घेऊन. खोलीत, ओसरीत, अंगणात गाव दाटलं होतं. मेंढराचं शिजवलेलं डोकं मामंजींनी रीतीप्रमाणे पाहुण्यापुढे ठेवलं. त्यानंही रीतीनं त्याचा कान कापून घरातल्या पोरांना दिला, मटणाची तारीफ केली, म्हाताऱ्यांना चेष्टेत हसवलं. माणूस वाईट वाटत नव्हता. मग बोलायला लागला आणि शेरिपोवला असा सोलून काढला की लोक मांड्या थोपटायला लागले. मीही खूश झाले, खोटं कशाला बोलू?

शेवटी सगळे मामंजींकडे वळले. त्यांनी तळहात उघडले आणि थांबले.

"बाळा," ते तोलोगोनोवला म्हणाले, "तुझं एक काम सांग. तेच देवापुढे ठेवतो."

"अक्सकाल, मी त्या चोराला घालवणार!"

"ते त्याचं झालं. तुझं?"

तो हसून इकडेतिकडे पाहायला लागला. माझा धीर सुटला. चहाची किटली हातात तशीच धरून मी म्हटलं, "साहेब, बाळंतपणाचा वॉर्ड उघडाल ना? या हिवाळ्याआधी?"

"ताई!" त्यानं छातीवर हात ठेवला. "तो वॉर्ड बंद कुणी केला? शेरिपोवनं! तुमच्या आयझादाचं रक्त कुणाच्या माथी आहे? शेरिपोवच्या! हे देशानं विसरता कामा नये!"

आयझादा म्हणाला. माझ्या लेकीचं नाव आयझिरेक. आणि उघडेन म्हणाला नाही.

मी ऐकलं, सगळ्यांनी ऐकलं. मामंजींनी उघडलेले हात हळूच गुडघ्यांवर ठेवले. खोलीत चुळबुळ सुरू झाली. दारातला कुणीतरी म्हणाला, "म्हातारा देत नाही, चला." मला दिसायला लागलं, हे सगळे आता घरी जाणार, मतदानाला कुणी जायचं नाही, आणि तो शेरिपोव हसत खुर्चीत बसणार. नाही, नाही, नाही!

"मी देते!" मी म्हटलं.

किटली खाली ठेवली, हात वर केले. मामंजींसारखंच करायचं ठरवलं होतं, देवाची शपथ. "देवा, या माणसानं..." म्हटलं आणि पुढे काहीच नाही. पुन्हा म्हटलं, "या माणसानं..." डोळ्यांपुढे खिंड आली. आणि आमच्याकडे शाप देताना हात जसे करतात तसे माझे तळहात जमिनीकडे वळले. मी वळवले नाहीत, वळले.

"शेरिपोवची चूल विझो," मी म्हणाले. "त्याच्या तोंडात अन्नाची माती होवो. त्याच्या लेकीला कळा सुरू होवोत आणि वाट न सापडो! बर्फात, रस्त्यात, त्याच्या मांडीवर..."



"आमीन!" तोलोगोनोव मोठ्यानं म्हणाला. त्याच्यामागून सवयीनं खोली म्हणाली, आमीन. कुणाचे हात चेहऱ्यावरून फिरले, कुणाचे अर्ध्यावर थांबले. एर्मेक कोपऱ्यात उभा राहून फोनवर सगळं टिपत होता.

नुरिझाचे हात चेहऱ्याकडे गेलेच नाहीत. दोन्ही हातांनी तिनं पोट झाकलं होतं, कुणी मारायला उठल्यावर झाकावं तसं. भिंतीला धरून उठली आणि बाहेर गेली. दोन जिवांच्या बाईसमोर, भाकरीच्या पंगतीत, मी हे बोलले होते.

गाड्या गेल्या. जाताना एर्मेक म्हणाला, "बाई, रडवलंत सगळ्यांना! दहा भाषणांनी होत नाही ते केलंत. रात्रीपर्यंत देशभर फिरेल हे." मामंजींनी माझ्याकडे न बघता दस्तरखानावरचा, जेवणाच्या चादरीवरचा, पाव उचलून झाकून ठेवला.

आतल्या खोलीत नुरिझा पिशवी भरत होती.

"कुठे निघालीस गं?"

"माहेरी, शहरात. खिंड उघडी आहे तोवर."

"अगं, ऑक्टोबर तर आहे! निवडणूक होऊ दे, तो आला की मी पुन्हा..."

"आई, तुम्ही विचारलंत, त्यांनी उत्तर दिलं. मी तिथेच होते ना." ती रागावलेली नव्हती, त्यानं मला जास्तच लागलं. तिनं झबली घडी करून पिशवीत ठेवली आणि थांबली. "एवढा वेळ देवापुढे हात होते तुमचे. वॉर्ड तरी मागायचात."

मला रडायला आलं, पण रडायचं तोंड नव्हतं मला. मी तिच्या शेजारी बसले, पिशवीतलं सगळं पुन्हा बाहेर काढलं आणि लोकरीचे मोजे तळाशी घातले, म्हणजे बाकीचं वर नीट बसेल. मग मिनीबसवाल्याला फोन केला आणि सकाळची पुढची सीट सांगितली.