लिंबोणीखालचं रक्त

पोलाद कारखान्याच्या वसाहतीत, आमच्या शेजारच्या तेजरामच्या क्वार्टरमागे अर्धा सेक्टर लोटला होता. भभूतीबाबाने पितळी गडव्यातलं हळदीचं पाणी आधी शेजारी, आमच्या अंगणात ओतलं. माती पिवळी झाली. तेच पाणी तेजरामच्या सुकत चाललेल्या लिंबोणीच्या आळ्यात ओतलं, तर माती लालभडक! बाया किंचाळल्या.

"खून है! धरती बोल रही है!" बाबा गरजला. "बहू पर साया है. झाड़ को खा गई, अब पेट का बच्चा खाएगी!"

बाबांना सगळं दिसतं हो. कोणाच्या चुलीवर कोंबडी शिजते, तेसुद्धा.

तेजरामच्या बायकोला, दुर्गेला, सातवा महिना होता. क्वार्टर मिळालं तेव्हा लिंबोणी तिनेच लावली. पानं पिवळी पडली, तर दोषही तिचाच. बाबाचा हुकूम सुटला: तीन दिवस तिने आळ्याशी बसायचं, अन्न नाही, फक्त अंगाऱ्याचं पाणी. सासू तुळसाबाईने तिला धरून बसवलं. भट्टीसमोर आठ तास उभा राहणारा तेजराम मान खाली घालून ड्युटीवर गेला.

दुसऱ्या दिवशी दुर्गेने कुंपणाशी मला हाक मारली. "ताई, पोट हालून नाही राहिलं."

मी तुळसाबाईला म्हटलं, "तिले दवाखान्यात न्या."

"तू मधात नको पडू. साया तुयावर येईन."

मी कुंपणापासून मागे फिरले. एरवी माझ्या जिभेला हाड नाही, पण त्या दिवशी मीसुद्धा भ्याले.

तिसऱ्या दिवशी माझी सासू भागाबाई गोंदियाहून पॅसेंजरने आली. बाबा पुन्हा गडवा ओतत होता, पुन्हा रक्त. म्हातारीने लाल माती बोटावर चोळली आणि गर्दीकडे वळली.

"कावून रे, तमाखू खाता ना सगळे? चुना काढा."

खिशाखिशातून डब्या निघाल्या. म्हातारीने ड्युटीवरून आलेल्या तेजरामच्या तळहातावर चुना घासला, वर बाबाच्याच गडव्यातलं पाणी सोडलं. तळहात लाल झाला. मग लिंबोणीचं एक किरटं लिंबू तोडून त्यावर पिळलं. रक्त पुन्हा पिवळं झालं.

"हळद अन् चुना. आमी घरी असंच लाल कुंकू करत होतो. तुमी सुपेल्याच्या बाजारातून डबीतलं आणता, म्हणून विसरले."

श्यामराव गवंडी पुढे आला. "हे क्वार्टर बांधलं तवा इथंच आमचा चुन्याचा हौद होता. त्यानंच झाड सुकून राहिलं." मग त्याची नजर बाबाच्या पायांवरच्या जुन्या, चुन्याने भाजल्याच्या डागांवर गेली. "अबे, तू तर इथंच माह्या हाताखाली चुना कालवत होता!"

बाबा पळाला. त्याच्या मागे कोणी धावलं नाही, कारण दुर्गा आळ्यात कोसळली होती. तेजरामने तिला उचलून रिक्षात घातलं.

दुर्गा वाचली. मूल मेलेलं जन्मलं.

"काल आणलं असतं तर," डॉक्टर एवढंच म्हणाले.

काल मी कुंपणाशी उभी होते. फसवलं बाबाने, पण तिला उपाशी आम्ही बसवलं. म्हणून हात जोडून सांगते, माती लाल झाली तर पाया पडू नका. त्या जागी आधी काय होतं, ते विचारा. आणि कोणी लेकीसुनेकडे बोट दाखवलं, तर त्याच क्षणी विचारा. आम्ही एक दिवस थांबलो होतो.