पाच गोल

मी गणिताचा मास्तर. फुटबॉलला आयुष्यात एकदाच लाथ मारली, तीही चप्पल सांभाळत. पण अन्याय कळायला खेळाडू असावं लागत नाही. आमच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेच्या जोड्या स्टीलच्या डब्यातल्या चिठ्ठ्या उचलून ठरायच्या, आणि तो डबा यायचा तेलीबांध्याकडच्या एका बड्या कॉलेजातून. दरवर्षी पहिल्याच फेरीत त्यांच्यासमोर आमचं गुढ़ियारीचं कॉलेज. एक सामना हरला की स्पर्धा संपली. आमची पोरं अकराला मैदानावर जायची आणि दोनच्या आत घरी जेवायला हजर.

राज्य नवं झालं, रायपूरची राजधानी झाली, पाट्या रंगल्या. मला वाटलं, आता सगळंच नव्यानं मांडता येईल. मूर्खपणाला निवृत्तीचं वय नसतं. दोन उन्हाळे बसून मी अकरा पानांची योजना लिहिली. चार गट, गटात चार संघ, प्रत्येकानं प्रत्येकाशी खेळायचं. विजयाला तीन गुण, बरोबरीला एक. गुण सारखे झाले तर गोलांचा फरक बघायचा. गटातला पहिला संघ उपांत्य फेरीत.

"तुमाले काय करायचं त्या पोट्ट्यांच्या खेळाचं?" बायको कुसुम म्हणाली. "अति शहाणा, त्याचा बैल रिकामा."

मी ऐकलं नाही. करायचं होतं ते देवीदाससाठी. त्याचा बाप रेल्वेत गँगमन, आणि हा माझ्या वर्गात शेवटच्या बाकावर बसून समीकरणं चुकवणारा. पण पायात चेंडू आला की त्याच्याइतका हिशेबी माणूस मी पाहिला नाही. विद्यापीठाच्या संघाची निवड फक्त उपांत्य फेरीतल्या चार संघांतून व्हायची, आणि विद्यापीठाकडून खेळलेल्या पोराला रेल्वेच्या खेळाडू भरतीत अर्ज करता यायचा. वयाच्या अटीप्रमाणे २००३ हे देवीदासचं शेवटचं वर्ष होतं. त्याच वर्षी समितीनं माझी योजना मान्य केली.

त्या योजनेतलं नववं कलम माझं लाडकं. पूर्वी एखादा संघ मित्राच्या संघासमोर मुद्दाम उतरायचाच नाही, आणि मित्राला फुकटचा विजय मिळायचा. मी लिहिलं: जो संघ एकही सामना सोडेल, त्याचे त्या स्पर्धेतले सगळे सामने रद्द धरावेत. फुकटचं कोणालाच काही नको. हे कलम मी कुसुमला दोनदा वाचून दाखवलं होतं.

नोव्हेंबरात स्पर्धा झाली. आमच्या गटात तेलीबांधा, पंडरी आणि आरंग. पहिल्याच सामन्यात आम्ही पंडरीला पाच-शून्य हरवलं. पाचातले चार गोल देवीदासचे. त्याचा बाप रजा टाकून आला होता. प्रत्येक गोलाला तो टाळी न वाजवता नुसता उठून उभा राहायचा आणि पुन्हा बसायचा. मग तेलीबांध्याशी बरोबरी झाली, आरंगला एक-शून्य हरवलं. आमचे सात गुण झाले, गोलांचा फरक सहा. तेलीबांध्यानं आरंगला चार गोलांनी हरवलं होतं, त्यांचे चार गुण. त्यांचा पंडरीशी सामना बाकी होता. आम्हाला मागे टाकायला त्यांना तो तीन गोलांनी जिंकावा लागणार होता.

मी त्या दिवशी पेढे घेऊन मैदानावर गेलो. पंडरीचा संघ आलाच नाही.

देवउठनी एकादशी झाली होती, लग्नसराई लागली होती. त्यांचा कप्तान फोनवर म्हणाला, "शादी का सीजन है सर, दुकान कौन संभालेगा?" पंडरीच्या अर्ध्या संघाच्या घरची कापडाची दुकानं, आणि दोन्ही सामने हरल्यामुळे त्यांच्याकडे गमावण्यासारखं काहीच उरलं नव्हतं. खरं असेल. किंवा येऊ नका म्हणून कोणी त्यांना समजावलं असेल. मला आजही माहीत नाही.

संध्याकाळी समिती बसली. तेलीबांध्याचा प्रशिक्षक नीलकंठ उभा राहिला आणि त्यानं नववं कलम खड्या आवाजात वाचलं. पंडरीचे सगळे सामने रद्द. म्हणजे आमचे तीन गुण गेले, पाच गोल गेले. दोघांचेही चार-चार गुण. गोलांचा फरक आमचा एक, त्यांचा चार.

"मी अकराच्या अकरा पानं वाचली, सर," नीलकंठ म्हणाला. "लय बारीक काम केलं तुमी."

माझी योजना शेवटपर्यंत वाचणारा तो एकटाच निघाला.

क्रीडाधिकारी रामकृष्णजी भला माणूस. त्यांनी कागद माझ्यापुढे सरकवला. "यज्ञेश्वरजी, नियम तुमचा, अर्थही तुमीच सांगा. फक्त न झालेला सामना रद्द, असं म्हणाल तर मी आत्ता सही करतो."

एक वाक्य बोलायचं होतं. मी सगळ्यांच्या तोंडाकडे पाहिलं. मी गुढ़ियारीच्या कॉलेजचा, फायदा गुढ़ियारीचा. उद्या म्हणाले असते, मास्तरनं स्वतःच्या पोरांसाठी नियम वाकवला. आयुष्यभर ज्याला शिव्या दिल्या तेच मी केलं असं झालं असतं. खरं सांगू? देवीदास त्या क्षणी माझ्या डोक्यात नव्हताच. माझं नाव होतं.

"स्पर्धा चालू असताना नियमाचा अर्थ बदलत नाही," मी म्हणालो. समितीनं टाळ्या वाजवल्या. इतकी लाज मला कधी वाटली नव्हती, आणि तरी मी मान तुकवून त्या टाळ्या घेतल्या.

देवीदास बाहेर पायरीवर बसला होता. मी सांगितलं. त्यानं बुटाची नाडी सोडली, पुन्हा बांधली.

"पण सर, ते गोल झाले होते ना?"

"झाले होते."

"बाबाले काय सांगू? त्यानं तर पाह्यले."

त्यानं मला शिवी द्यावी, कॉलर धरावी, असं फार वाटत होतं. तो उठला आणि माझ्या पाया पडला. "तुमी लिवलं म्हणजे बरोबरच असन, सर."

पुढच्या वर्षी माझी योजना कायमची झाली. मला शाल आणि नारळ मिळाला. कलम नऊ बदला, असा अर्ज मी तीनदा दिला. तिन्ही वेळा उत्तर आलं, इतका निष्पक्ष नियम बदलण्याचं कारण दिसत नाही.

देवीदास आता मालधक्क्यावर पोती उचलतो. मी त्या रस्त्यानं जाणं टाळतो, पण परवा गाठ पडलीच. त्यानं पाठीवरचं पोतं खाली ठेवलं, घाम पुसला आणि सोबतच्या हमालांना कौतुकानं सांगितलं, "हे आमचे सर. यायनं नियम बनवला, अन् सोताच्या कॉलेजसाठी बी नाही मोडला."