ओसरीवरचे पंप

केतकीच्या घरात तीन पिढ्या कचेरीत खर्डेघाशी करून पेन्शनीत गेल्या. यवतमाळातलं तसं सरळमार्गी घर. त्यात ही एकटी पोरगी शिडी आणि पाने-पक्कड घेऊन गावोगाव सोलर बसवत हिंडायची. हिशेबाला अशी पक्की, की आई म्हणायची, हिला पोहे टाक म्हटलं तरी आधी विचारेल, माणसं किती, भूक किती, आणि ऐनवेळी पाहुणे आले तर काय! आता पाहुण्यांचाच हिशेब तिच्याकडून सुटावा, याला काय म्हणायचं?

पांढरकवड्याच्या पुढे, जंगलाला लागून सदाशिवरावांचं शेतातलं घर. तिथवर विजेचा खांब कधी पोचलाच नाही. उभा जन्म जिनिंगात आणि शेतात गेला, कापसाची धूळ छातीत जाऊन बसली, आणि आता रात्री नाकाला ऑक्सिजन मशीनची नळी लावल्याशिवाय त्यांचं भागत नव्हतं. मुलगा अंकुर नेरला नोकरीला. तो म्हणे, चला माझ्याकडे, तिथं लाईन असते. म्हातारा ऐकेल तर शपथ! शेवटी बापलेकांत ठरलं, सोलर बसवायचं. पण मशीन एकदा जरी बंद पडली, तर मुकाट्यानं नेर. सदाशिवराव कबूल झाले. त्यांना मरायची भीती नव्हती, नेरची होती.

उन्हाळ्यात केतकी आली. "तुमच्या घरात विजेवर काय काय चालणार?" तिनं विचारलं. सदाशिवरावांच्या बायकोनं, विमलताईंनी, खरं तेच सांगितलं. मशीन, दोन बल्ब, एक पंखा, मोबाईल. टीव्ही नाही, मिक्सर नाही. केतकीनं बेरीज केली. त्यावर दोन ढगाळ दिवसांची तरतूद धरली. बॅटरी निम्म्याखाली उतरू द्यायची नसते, म्हणून आला तो आकडा दुप्पट केला. पॅनेलची वीज बॅटरीत बेतानं सोडणारा डबा, म्हणजे चार्ज कंट्रोलर, तोही गरजेपेक्षा मोठाच घेतला. तिच्या मते चुकायला जागाच ठेवली नव्हती.

श्रावणात ढग आले आणि पहाटे मशीन बंद पडली.

नाल्याला पूर, गाडी यायला वाट नाही. जवळच्या तांड्यावरचा धावजी आणि त्याचे भाऊबंद धावत आले, त्यांनी सदाशिवरावांना खाटेसकट खांद्यावर घेतलं आणि कमरेइतक्या पाण्यातून सडकेवर नेलं. दवाखाना वेळेत गाठला म्हणून जीव वाचला. अंकुरनं फोनवर केतकीला अशी झाडली, की बिचारीला जेवण गेलं नाही. "मॅडम, तुमच्या हिशेबानं माझा बाप गेला असता!"

सदाशिवराव घरी परतले तेव्हा त्यांनी लेकाकडून एक शेवटची सवलत मागून घेतली. पोरगी पाहून जाऊ दे, मग बोल. म्हणून केतकी आली, आणि तिच्यावर नजर ठेवायला अंकुरही आला.

पॅनेल ठणठणीत. कंट्रोलर ठणठणीत. बॅटऱ्या मात्र भर दुपारी उपाशी.

"ताई, वीज कोणीतरी खातंय," केतकी म्हणाली.

विमलताईंना ते लागलं. "आम्ही काय खोटं बोलून राह्यलो? सांगितलं तेवढंच चालते. पाह्यजे तर घराची झडती घे."

तेवढ्यात धावजी ओसरी चढला. पाठीवरचा फवारणीचा बॅटरीवाला पंप उतरवला, खिडकीतून आलेल्या वायरच्या बोर्डात त्याची पिन खोचली, माठातलं पाणी प्यायला आणि सदाशिवरावांच्या खाटेपाशी बिडी न पेटवता नुसती धरून बसला. मागून हंसाबाई आली. तिनंही पंप लावला. भिंतीशी आधीच लावलेल्या पंपांची रांग केतकीला आत्ता कुठं दिसली.

"आणि हे काय आहे?"

"हे?" विमलताई म्हणाल्या. "हे आपले कुठं हायत? हे धावजीचे, हंसाबाईचे, देवसिंगचे. तांड्यावरची डीपी जळली ना, तवापासून लाईनच नाही तिथं. तू तर घरातलं इचारलं होतं."

केतकीनं कपाळावर हात मारला. राग कोणावर काढावा? बाईनं प्रश्नाला उत्तर बरोबर दिलं होतं. साल बोंडअळीचं, भाव पडलेला, आणि फवारणीवर फवारणी चाललेली. आख्ख्या तांड्याचे पंप रोज इथं पोट भरत होते, आणि ढग आले तेव्हा म्हाताऱ्याच्या श्वासाला उरलं नव्हतं.

तिनं घरच्या तिघांना आत बोलावलं आणि हळू आवाजात उपाय सांगितला. गाडीत एक पॅनेल आहे, एक लहान कंट्रोलर, एक बॅटरी. पंपांची वीज वेगळी करू, मशीनची वेगळी. मग ढग येवोत की काही येवो.

"ओसरीवरच लाव," सदाशिवराव लगेच म्हणाले. "तांड्यावर नको. आणि धावजीले काही सांगू नका. कोणीच सांगू नका."

पण अंकुरच्या डोळ्यांपुढून दवाखाना हलत नव्हता. तो तरातरा बाहेर गेला. "काका, तुमच्याच पंपांनी बाबाची मशीन बंद पडली! तुम्हीच मारलं असतं त्यायले!"

धावजी उठला. पंपांच्या रांगेकडे पाहिलं, मग खाटेकडे. "मले ठाऊक नव्हतं, भाऊ," एवढंच म्हणाला. स्वतःचा पंप काढला, हंसाबाईचा काढला, सगळ्यांचे काढले, दोन्ही खांद्यांवर अडकवले आणि ओसरी उतरला. सदाशिवराव हाका मारत राहिले, पण त्यांच्या आवाजात दम होता कुठं?

केतकीनं ठरल्याप्रमाणे सगळं बसवलं. अंकुरलाही पश्चात्ताप झाला. तो तांड्यावर जाऊन पाया पडून आला. तांड्यानं त्याला चहा पाजला, राग नाही म्हणून सांगितलं, आणि आलं कोणीच नाही. ज्या माणसाचा श्वास आपल्या हातून जात होता, त्याच्या ओसरीवर कोणत्या तोंडानं चढायचं? धावजी पंप चार्ज करायला पांढरकवड्याला जायला लागला.

भादव्यात केतकी पाहणीला आली. आठवडाभर ढग होते, तरी मशीन एकदाही अडखळली नव्हती. दोन्ही कंट्रोलरचे हिरवे दिवे लागलेले. ओसरी सारवून लख्ख केलेली, माठ काठोकाठ भरलेला. मनातल्या मनात तिनं स्वतःची पाठ थोपटली.

सदाशिवराव वाटेकडे तोंड करून पडले होते.

"पोरी, अंकुरले फोन लाव," ते म्हणाले. "म्हण, गाडी आण. नेरले येतो मी."

केतकी गोंधळली. "काका, आता कशाला? बॅटरी तर फुल्ल आहे."

"व्हय ना," सदाशिवराव पंपांच्या रिकाम्या बोर्डाकडे पाहत म्हणाले. "त्या दिवसापासून फुल्लच हाय."